सुटली म्हणा, दादा

दादा,

आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहायचा हक्क माझा नाही, हे मला कळतं. इथे डब्लिनच्या ओंगार भागात तुम्हाला पंधरा-पंधरा वर्षं ओळखणारी माणसं आहेत. तुमच्याबरोबर गणपतीत ढोल वाजवलेली, तुमच्या लग्नाला नागपूरला आलेली. मी तुमच्या घराच्या बॉक्स रूममध्ये, त्या सगळ्यांत लहान खोलीत, राहणारा विद्यार्थी. सव्वा वर्षाची ओळख. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे गेलेल्या माणसाशी कागदावर कसं बोलतात हेही कुणाला विचारायची सोय नाही. बाबांना फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, "खरं आसंल ते लिही आन् थोडं लिही." थोडं जमेल. खरं लिहायचीच भीती वाटते.

लिही असं वहिनींनी सांगितलं. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यासाठी दोन पानं ठेवली आहेत. वहिनी म्हणाल्या, "बाकीचे बाकीचं लिहितील. तू लान्झारोटेचं लिही. मिलिंदची शेवटची सुट्टी तुझ्याबरोबर गेली. माझ्याकडे तिथले फक्त फोटो आहेत." मी हो म्हणालो आणि वर येऊन दार लावून बसलो. फोटोंत नाही अशी एकच गोष्ट मला माहीत आहे, आणि तीच वहिनींना सांगायची नाही म्हणून तुम्ही मला शपथ घातली आहे. ती अजून सुटलेली नाही.

आणखी एक माफी. मी इथेही 'तुम्ही'च म्हणतोय. "तू म्हण बे, मी काय तुझा हेडमास्तर आहे काय?" असं तुम्ही कितीदा म्हणालात. जमलं नाही. आता तर नाहीच जमणार.

ती सहल माझी नव्हतीच. स्पेनच्या त्या बेटाची तीन तिकिटं तुम्ही उन्हाळ्यातच काढून ठेवली होती, तुमचं, वहिनींचं आणि तुमच्या लेकीचं, इराचं, ऑक्टोबरातल्या शाळेच्या सुट्टीसाठी. इराच्या वर्गातली निम्मी मुलं दरवर्षी तिकडे जातात. ती मराठी सगळं समजते पण उत्तर इंग्रजीतून देते, आणि तिचं एकच उत्तर वर्षभर चालू होतं, की वर्गात मी एकटीच आहे जिने लान्झा पाहिलं नाही. मग सुट्टीच्या आधी नागपूरहून फोन आला. वहिनींच्या आईला आयसीयूत ठेवलं होतं. त्या दोघी मिळेल त्या विमानाने गेल्या. तुम्ही मागोमाग निघणार होतात, पण वहिनीच म्हणाल्या की दवाखान्यात एकालाच बसू देतात, तू येऊन काय करशील, जाऊन ये तिकडे. त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या दारात येऊन उभे राहिलात.

"काय करून राहिला, खडीसम्राट?"

"असाइनमेंट, दादा."

"पासपोर्ट कुठे आहे तुझा?"

"प्रेसमध्ये. का?" कपाटाला इथे प्रेस म्हणतात, हे मला तुमच्याच घरात कळलं.

"कॉलेजच्या त्या पोर्तुगालच्या सहलीचा व्हिसा आहे न अजून?"

"नोव्हेंबरपर्यंत आहे."

"मग चल. तोच स्पेनले चालते. दगडाचा पोरगा, दगडाचंच शिकतो, अन् ताजा दगड पाह्यला नाही अजून. तुले ज्वालामुखी दाखवतो."

खडीसम्राट हे नाव तुम्हीच ठेवलं होतंत. बाबा संगमनेरजवळच्या दगडखाणीवर घण चालवतात आणि मी भूशास्त्र शिकायला डब्लिनला आलो, हे तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हापासून. दुसऱ्या कुणी तसं म्हटलं असतं तर मला लागलं असतं. तुम्ही म्हणायचात तेव्हा वाटायचं, आपल्याला खरंच कसलं तरी राज्य आहे.

विमानतळावर रांगेत तुमचा विनोद झाला. "आपल्याला स्पेनले जायला व्हिसा लागते, बँकेचे कागद लागतात, पत्र लागते. अन् यांना पहा, फक्त चप्पल लागते." आपल्या पुढचं अख्खं कुटुंब डब्लिनच्या पावसात चप्पल आणि अर्ध्या चड्डीत उभं होतं.

विमान खाली आलं तेव्हा खिडकीतून कुठे काही हिरवं दिसेना. काळं, तांबडं, पुन्हा काळं. मध्ये मूठभर पांढरी घरं. मला क्षणभर वाटलं, आमच्या खाणीवरच उतरतोय. तुम्हाला तसं सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "घ्या. चार तास उडून पोरगा घरीच पोचला."

पहिल्या दिवशी आपण नुसतं खाल्लं. लहान बटाटे सालीसकट खारट पाण्यात उकडून सुरकुतवलेले, वर मिठाची पांढरी साय, आणि बरोबर एक लाल आणि एक हिरवी चटणी. तुम्ही लाल चटणी बोटाने चाटून पाहिलीत आणि निकाल दिलात, "ठेचाच आहे, पण शहरात वाढलेला." तरी तीन वाट्या संपवल्या. भाजलेल्या धान्याचं एक पीठ त्यांनी कालवणात घालून दिलं. मी म्हणालो हे तर आपलं सातूचं पीठ. वाढणाऱ्या बाईंना तुम्ही मोबाईलवर सातूच्या पिठाचा फोटो दाखवलात, आणि त्या खरंच बघत उभ्या राहिल्या. कुठेही गेलं तरी दहा मिनिटांत तुमची ओळख व्हायची. मी तुमच्या मागे उभा राहून हसायचो. तेवढंच मला यायचं.

दुसऱ्या दिवशी ते अग्नीचे डोंगर. बसमधून उतरायचं नाही, खिडकीतूनच पाहायचं. तीनशे वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा अजून काल ओतल्यासारखा पडलेला. मी पुस्तकात वाचलेलं सगळं विसरून गेलो. आपल्याकडचा काळा दगड असाच वाहिला, पण त्याला सहा कोटींहून जास्त वर्षं झाली, त्याच्यावर माती आली, बाभळी आल्या, देव बसले, मग बाबा आले आणि तो फोडू लागले. हा मात्र अजून कुणाचाच झालेला नव्हता. वर थांब्यावर एका माणसाने जमिनीतल्या खड्ड्यात वाळकं झुडूप टाकलं आणि ते आपोआप पेटलं. दुसऱ्याने एका नळीत बादलीभर पाणी ओतलं, तर वाफेचा फवारा दणक्यात वर गेला. शेजारच्या विहिरीसारख्या भोकावर जाळी टाकून कोंबड्या भाजत होत्या. खाली विस्तव नाहीच, नुसती पृथ्वी. तुम्ही हात जोडलेत. "आपल्याकडे असतं तर आतापर्यंत हळदकुंकू वाहून नारळाची दुकानं लागली असती."

तिथेच आपलं पहिलं भांडण झालं. गाडीतळाजवळून तुम्ही एक काळा, भोकाभोकांचा खडा उचललात. "हा तुझ्या बाबांसाठी."

"दादा, ठेवा. तिथे पाटी आहे. दगड न्यायचा नाही."

"अबे एवढा मोठा डोंगर पडला आहे, एका खड्यानं काय होते?"

"आमच्याकडे खाणवाले असंच म्हणाले होते. आता डोंगर नाही."

तुम्ही वाकलात. मग खडा जिथून उचलला होता बरोबर तिथेच ठेवलात, त्याची तीच बाजू खाली करून. "हे तू वर्गात बोलत जा," एवढंच म्हणालात. मी वर्गात कधीच बोलत नाही, हे तुम्ही विसरला नव्हतात.

संध्याकाळी द्राक्षांच्या मळ्यातून बाबांना व्हिडिओ कॉल लावला, तोही तुम्हीच लावायला लावलात. मी सहलीला गेलोय हे मी घरी सांगितलंच नव्हतं. बाबा उन्हात घण मारतात आणि मी समुद्रावर फिरतो, हे कसं सांगणार. तुम्ही फोन हातातून घेतलात आणि सरळ मळा दाखवलात. काळ्या राखेत खड्डे, प्रत्येक खड्ड्यात एक वेल, आणि वाऱ्याच्या बाजूला हाताने रचलेली अर्धगोल दगडी भिंत. अशा हजारो. बाबांनी मला काही विचारलं नाही. ते फोन जवळ धरून म्हणाले, "चुना नाय, माती नाय, नुसती रचाई. कुणी रचल्यात? हात चांगला हाय." नंतर तुम्हाला म्हणाले, "सायेब, पोराला चांगलं दाखवताय." त्या दिवशी माझी लाज गेली, दादा. त्याबद्दल मी तुमचे आभार मानलेच नाहीत. मानायला हवे असं तेव्हा सुचलंही नाही.

आता तिसरा दिवस. इथे माझा हात थांबतो.

आपण त्या जुन्या ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत चढत होतो. वाट सोपी होती. आपल्या पुढे एक आजी कुत्रा घेऊन चालल्या होत्या. अर्ध्यावर तुम्ही खाली बसलात आणि छातीच्या मधोमध हात ठेवलात. मोठी ढेकर दिलीत. "ती लाल चटणी बोलून राहिली." कपाळावर घाम होता, पण वारा गार होता. मला ते दिसलं. दिसलं होतं, हे मी आता लिहितो. मी विचारलं, "पित्त झालंय का?" शब्द माझा होता. तुमचा नव्हता. तुम्ही म्हणालात, "हाव, पित्तच."

आणि मला आनंद झाला, दादा. कारण माझ्या पिशवीत आईने दिलेलं आमसूल होतं. परदेशात पित्त फार होतं असं तिला कुणीतरी सांगितलेलं, म्हणून निघताना तिने डबाभर दिलं होतं आणि मी ते जाईन तिथे नेत होतो. पहिल्यांदा माझ्याकडची काही वस्तू तुमच्या उपयोगाची होती. पाण्याच्या बाटलीत आमसूल कुस्करलं, हॉटेलातून आणलेल्या साखरेच्या दोन पुड्या टाकल्या, बाटली हलवली आणि तुम्हाला दिली. तुम्ही घोट घोट प्यालात. दहा मिनिटांनी म्हणालात, "कमाल आहे बे. गेलं." मी मनातल्या मनात आईला सांगितलं की तुझं आमसूल ज्वालामुखीवर लागू पडलं.

बसल्यामुळे गेलं होतं ते. चालणं थांबवल्यामुळे. हे मी नंतर वाचलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आपण त्या समुद्रकाठच्या रस्त्यावर गेलो, जिथे एका ओळीत सगळे आयरिश पब आहेत. हिरव्या पाट्या, आयर्लंडमधलाच चहा, आयर्लंडमधलीच माणसं, फक्त सगळी भाजून लाल झालेली. गाण्यांचा कार्यक्रम चालू होता, कुणीही जाऊन माइक घ्यावा. शेजारच्या टेबलावर मॉरीन नावाच्या सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी आपल्याला विचारलं, कुठले तुम्ही?

तुम्ही म्हणालात, "ओंगार."

त्या टेबल बडवून हसल्या. "मी मलिंगारची! शेजारच्या माणसाला भेटायला इतक्या लांब यावं लागलं होय?"

मग तुम्ही माइक घेतलात. एक जुनं हिंदी गाणं. शब्द कुणालाच कळत नव्हते, तरी दुसऱ्या कडव्यापासून सगळा पब टाळ्या धरू लागला. वर जायच्या सुरावर तुमचा श्वास पुरला नाही. डावा खांदा उजव्या हाताने दाबत तुम्ही हसलात आणि माइक मॉरीनबाईंपुढे धरलात. त्यांनी ला-ला करत चाल पुढे नेली. लोकांना वाटलं ही पण गंमतच.

तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा त्या माझ्या कानाशी आल्या. "तुझा हा मित्र राखेसारखा झालाय, बाळा. माझ्या नवऱ्याचा रंग असाच झाला होता. घरी गेलास की डॉक्टरकडे ने त्याला. त्याचं ऐकू नकोस."

त्या रात्री मी मोबाईलवर सगळं वाचलं.

सकाळी निघायच्या आधी आपण समुद्राच्या कठड्यावर बसलो होतो. मी पाठ केल्यासारखं बोललो. "दादा, ते पित्त नाही. परत गेल्यावर सोमवारी डॉक्टरकडे जा. नाहीतर मी वहिनींना सांगेन."

"काऊन? तू डॉक्टर झाला काय बे? दगडाचा डॉक्टर."

"मी सांगेन."

"तिची आई तिकडे नळ्यांमध्ये पडली आहे, किरण. ती रात्र रात्र बाकावर बसून राहिली. तिला आता हे सांगू? पाच हजार मैलांवरून ती काय करेल?"

"मग तुम्ही जाईन म्हणा."

"जाईन. पण तिला सांगशील तर माझी शपथ आहे तुला."

"अशी शपथ नका घालू."

"घातली. माझी शपथ. आता चल, विमान सुटेल."

हे वाचणाऱ्यांपैकी शहरातल्या कुणाला हसू येईल. आमच्याकडे शपथ अशी नसते. ज्याच्या नावाने घातली त्याच्या जिवावर ती असते. ती मोडली तर त्याला बाधते. आणि ज्याने घातली त्यानेच तोंडाने 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. लहानपणी आम्ही एकमेकांच्या मागे धावायचो, "सुटली म्हण, सुटली म्हण," म्हणून. मी भूशास्त्राचा विद्यार्थी आहे. पृथ्वीच्या वयाचे आकडे मला येतात. शब्दाने माणूस मरत नाही, हे मला माहीत आहे. पण तुमचं नाव होतं ना त्यात. मला धोका घेता आला नाही.

वहिनी आणि इरा परत आल्या. आजींना बरं वाटत होतं. घर पुन्हा भरलं. आणि सकाळी निघताना तुम्ही म्हणू लागलात, "किरण, आमसूल भिजव बे, पित्त आहे जरा." मी भिजवायचो. वहिनी विचारायच्या, "पित्त कमी आहे का आज?" मी ओट्याकडे तोंड करून म्हणायचो, "जास्त नाही वहिनी, थोडंच." इरा टोस्ट खात म्हणायची, "बाबा, यू'र ऑलवेज बर्पिंग," आणि आपण सगळे हसायचो. किती हसायचो.

कॉलेजातून मी तुम्हाला मेसेज टाकला. 'डॉक्टरकडे गेलात का? नसाल गेलात तर शपथ सुटली म्हणा. मी वहिनींशी बोलतो.' दोन तासांनी तुमचं उत्तर आलं. 'गेलो होतो. सगळं ग्रँड. अभ्यास कर.' माझा विश्वास बसला नाही. ग्रँड हा इथला शब्द तुम्ही सगळ्यालाच लावायचात. छत गळलं तरी ग्रँड, गाडी बंद पडली तरी ग्रँड. तुम्ही मला टाळताय असं वाटलं. मी चिडलो. त्यानंतर पाच दिवस मी तुमच्याशी नीट बोललो नाही. सहाव्या दिवशी तुम्ही माझ्या दाराबाहेर एक केळं आणि पाण्याची बाटली ठेवून गेलात, कारण माझी परीक्षा सुरू होत होती. मी केळं खाल्लं. आभाराचा मेसेज करू म्हटलं, परीक्षा संपली की.

तुम्ही घराजवळच्या क्लोन्सिला स्टेशनवर पडलात तेव्हा मी शेवटच्या पेपरला बसलो होतो. फोन बंद करून बाहेर पिशवीत ठेवला होता. अडीच तास मी लाव्हा कसा थंड होतो ते लिहीत होतो.

बाकीचं तुम्हाला सांगण्यासारखं नाही. एकच सांगतो. नागपूरचे गुरुजी व्हिडिओवर होते. दहाव्यापर्यंत ठेवायला जीवखडा लागेल म्हणाले, म्हणजे तुमच्या जागी ठेवायचा दगड. कुणालाच ते आधी माहीत नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण मी दगडवाला. मी दहनगृहाच्या गाडीतळात गेलो आणि खाली वाकून शोधू लागलो. करडी, गुळगुळीत खडी होती. चुनखडी. मी त्यातला एक खडा उचलला, आणि तो उचलताना मला तो दुसरा आठवला, काळा, भोकाभोकांचा, जो मी तुम्हाला परत ठेवायला लावला होता. बरोबर होतो मी. पाटी होती. पण आता वाटतं, आणू दिला असता तुम्हाला. निदान तुम्ही पाहिलेल्या डोंगराचा तरी असता.

इथपर्यंत लिहून आठ दिवस झाले. पुढे जाता येईना. वहिनी दोनदा म्हणाल्या, "झालं का रे?" मी म्हणालो, थोडं राहिलंय. दिवसात चारदा मी त्यांच्यासमोर जातो. त्या मला जेवायला वाढतात. मला खाली बसून सांगावंसं वाटतं की मी तुमच्या नवऱ्याला आमसूल दिलं, वहिनी. ज्या दिवशी त्यांना डॉक्टरकडे न्यायचं होतं त्या दिवशी मी साखर घालून आमसूल दिलं. मग वाटतं, आता कुणाच्या जिवाला काय बाधणार आहे? शपथ ज्याच्या नावाची तोच गेला. आणि 'सुटली' म्हणणाराही तोच होता.

काल सकाळी दाराच्या फटीतून पत्र पडलं. पाकिटावर तुमचं नाव होतं. मीच उचललं आणि ओट्यावर वहिनींपुढे ठेवलं. त्यांनी उभ्यानेच फोडलं, वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. हॉस्पिटलचं होतं. हृदयाच्या तपासणीसाठी फेब्रुवारीतली तारीख दिली होती. चालू गोळ्यांची यादी आणावी, येणं जमणार नसेल तर कळवावं. आणि वर लिहिलं होतं की तुमच्या डॉक्टरांनी पाठवलेल्या चिठ्ठीवरून. चिठ्ठीची तारीख मी पुन्हा पुन्हा पाहिली. आपण परत आलो त्याच्या नंतरचा सोमवार होता तो.

तुम्ही गेला होतात. मी म्हणालो त्याच दिवशी गेला होतात. आणि मी पाच दिवस तुमच्याशी बोललो नाही.

मी खुर्चीत बसलो आणि सगळं सांगून टाकलं. चढण, घाम, आमसूल, मॉरीनबाई, कठडा, शपथ. मध्येच इरा खाली आली, आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारता परत वर गेली. वहिनी पत्राची घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या. माझं संपलं तेव्हा त्यांनी वरची प्रेस उघडली आणि उपवासाच्या भगरीचा डबा खाली घेतला. झाकण काढून डबा माझ्यापुढे केला. भगरीत अर्धी बुडालेली गोळ्यांची पाकिटं होती. त्यातलं एक अर्धं संपलेलं.

"विमानतळावरून आम्हाला आणताना गाडीतच सांगितलं होतं त्याने," वहिनी म्हणाल्या. "इरा मागे झोपली होती."

"मग तुम्हाला माहीत होतं? रोज मी आमसूल भिजवायचो तेव्हा..."

"माहीत होतं."

"मग मला का नाही बोललात, वहिनी?"

दादा, ही बातमी तुमच्यासाठी जुनी आहे. माझ्यापर्यंत ती काल पोचली. वहिनींनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "तो म्हणाला, पोराची परीक्षा आहे, त्याला खरं कळलं तर तो पेपरला बसायचा नाही. किरणला सांगशील तर माझी शपथ आहे तुला."